ठोकळ्यामागचं नाव

साल दोन हजार सात. मला एकाहत्तरावं लागलं होतं, बाई, आणि तोवर माझ्या तोंडावर मला कोणी चुकलास असं म्हटलं नव्हतं. पाठीमागे म्हणत असतील, त्याची मी कधी चौकशी केली नाही. त्या वर्षी श्रावणात तुम्ही धायरीला आमच्या दारात येऊन उभ्या राहिलात. एका हातात शाळेची जुनी स्मरणिका, दुसऱ्या हातात कॉम्प्युटरवरून काढलेले तीन कागद. तीन जिने चढून दम लागला होता, तरी आधी बोललात, "काका, तुम्हीच ना ते जुळारी? तुमच्यासाठी मी अख्खी नारायण पेठ पालथी घातली."

मी म्हटलं, "पेठ आहे तिथेच आहे. मग पालथी कशी घातलीत?"

तुम्ही हसलात. माझ्या असल्या बोलण्यावर लोक सहसा हसत नाहीत. परत जातात.

मी तुम्हाला सापडलो तो स्मरणिकेच्या शेवटच्या पानावरच्या खालच्या ओळीवरून. मुद्रकाचं नाव आणि छापखान्याचा पत्ता. छापखाना केव्हाच बंद झालेला, जागेवर मोबाइलचं दुकान. शेजारच्या बाइंडरनं तुम्हाला सांगितलं, मालक गेले, जुळारी आहे, धायरीला मुलाकडे राहतो, तिरसट आहे, जपून बोला. यातलं शेवटचं तुम्ही मला दोन वर्षांनी सांगितलंत, जिना उतरताना, म्हणजे मला उत्तर देता येऊ नये.

जुळारी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, तुमच्या मुलांना सांगायचो तसं. शिशाचे खिळे, एकेका खिळ्यावर एकेक उलटं अक्षर. ते उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, पान चौकटीत आवळायचं. मी चौथी शिकलो आणि छापखान्यात शिरलो. लोक सुलट वाचायला शिकतात, माझा हात उलट्या अक्षरावर बसला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं जुळवली. हे लिहितोय ते माझं स्वतःचं पहिलंच, तेव्हा कुठे सैल आवळलं गेलं तर तुम्ही समजून घ्याल.

नव्वदनंतर कॉम्प्युटर आले आणि आमचे खिळे भंगारात गेले. त्यामुळे तुम्ही कॉम्प्युटर शिकवता म्हटल्यावर मी चहा विचारला नाही. चहा आमच्या हिनं आणला, आणि माझ्याकडे न बघता तुमच्यापुढे ठेवला.

तुम्ही काय झालं ते सांगितलंत. आठवीच्या मुलांना तुम्ही आपल्याच शाळेविषयी इंटरनेटवर शोधायला लावलं होतं. शाळेचं मूळ सोनाबाईंचं. त्या बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्या आणि वस्तीतल्या मुलींना आपल्या ओट्यावर बसवून अक्षरं शिकवायला लागल्या, त्याची पुढे शाळा झाली. मुलांना सोनाबाईंचा फोटो सापडला, एक सोडून तीन ठिकाणी. नाकात नथ, अंगावर शालू, भरलेला चेहरा. हाच फोटो स्मरणिकेत. हाच मोठा करून शाळेच्या हॉलमध्ये, दर वर्षी हार. आणि प्रज्ञा नावाची एक मुलगी उभी राहिली नि म्हणाली, "बाई, ही माझी पणजी नाही. आमच्या घरात कोणाला नथ नव्हती."

वर्ग हसला, म्हणालात. तुम्ही हसला नसणार.

प्रज्ञाचं म्हणणं, स्मरणिकेत पुढच्याच पानावर शाळेला जागा देणाऱ्या मथुराबाई म्हणून जो फोटो आहे, तो तिच्या पणजीचा. बारीक चेहरा, डोक्यावर पदर, हसू नाही. घरात एकुलता एक फोटो होता, तो स्मरणिकेसाठी दिला, तो परत आला नाही. घरच्यांनी त्या वेळीही सांगितलं होतं. पण सोनाबाई तोवर गेल्या होत्या, पुस्तक छापून झालं होतं आणि छापलेल्यापुढे घरच्या माणसांचं कोण ऐकतो?

"मुलं म्हणून राहिली, तीन साइटवर आहे, पुस्तकात आहे, भिंतीवर आहे. पाच विरुद्ध एक," तुम्ही म्हणालात. "मी त्यांना काय सांगू, काका?"

मी म्हटलं, "आधी 'म्हणून राहिली' सोडा. पुण्यात किती वर्षं झाली तुम्हाला?"

"वीस. नागपूर सुटलं काका, बोली नाही सुटत."

मी ते तीन कागद खिडकीशी नेले. आणि बाई, चाळीस वर्षांचा डोळा कुठे जात नाही. तिन्ही फोटोंत डाव्या कानाखाली एक बारीक पांढरी रेघ होती. स्मरणिका उघडली. तिथेही. तुम्हाला म्हटलं, "हे तीन नाहीत. हा एकच आहे. फोटोचा जस्ताचा ठोकळा करतात, त्यावर ओरखडा आला की छपाईत तिथे पांढरी रेघ उमटते. ही आमच्या ठोकळ्याची रेघ. या तिघांनी स्मरणिकेवरून उचललंय. भिंतीवरचा बघा, रेघ असणारच."

तुमचा चेहरा असा उजळला की मला वाटलं मी काहीतरी मोठंच केलं. "म्हणजे पाच नाहीत. एकच जण बोलला आणि बाकीच्यांनी री ओढली," तुम्ही म्हणालात आणि तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलंत. पुढे पाच वर्षं प्रत्येक आठवीला तुम्ही हे शिकवलंत. किती ठिकाणी सापडलं ते मोजू नका, कुठून निघालं ते शोधा. त्यात रेघेची गोष्ट माझ्या नावानं सांगायचात. मला ते आवडायचं, हे आता लिहायला हरकत नाही.

पण त्या दिवशी तुम्ही तिथे थांबला नाहीत. म्हणालात, "मग काका, तो जो एक बोलला, त्याचं तरी बरोबर होतं का? दोन ठोकळ्यांची अदलाबदल झाली असेल का?"

मी म्हटलं, "प्रत्येक ठोकळ्याच्या मागे, लाकडावर, तो बनवणारा ब्लॉकवाला पेन्सिलनं नाव लिहितो. चूक व्हायचं कारणच नाही."

"कोणाच्याही हातून होऊ शकते ना?"

"कोणाच्याही होऊ दे. मी माझ्या हाताचं सांगतोय."

"ते ठोकळे आहेत का अजून?"

"वितळवले," मी म्हटलं. "सगळे."

ही आतून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि कप उचलून आत गेली.

तुम्ही जिना उतरलात आणि मी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. छापखाना बंद झाला तेव्हा मालक म्हणाले होते, तुला हवं ते ने. मी पंचवीस-तीस ठोकळे आणले होते, कशाला ते मलाही ठाऊक नाही. तळाशी ते दोन होते. एकाच मापाचे, लंबगोल. जस्तावर चेहरा नीट कळत नाही, उजेडात तिरपा धरावा लागतो. एका ठोकळ्यावर नथ होती आणि कानापाशी ओरखडा. उलटा केला. पेन्सिलनं लिहिलेलं, मथुराबाई. दुसऱ्यावर डोक्यावरून पदर. त्यामागे, सोनाबाई.

मग आठवलं. शाळेच्या समितीचे अध्यक्ष स्वतः छापखान्यात येऊन बसले होते, उद्या कार्यक्रम, आजच हवं. मी बेचाळिशीत, तडफ अशी की न बघता हात चालायचा. मजकूर आवळला, दोन्ही रिकाम्या जागी दोन ठोकळे बसवले. उलटे करून नाव बघितलं नाही. प्रूफ आलं, वाचलं, एक काना चुकलेला नव्हता. प्रूफ वाचणारा अक्षरं वाचतो, बाई. चेहरे कोणी वाचत नाही.

ही मागे उभी होती. म्हणाली, "त्या बाईंना बोलावून दाखवा."

"बघू."

"तुमचं बघू म्हणजे नाही."

तिचं बरोबर होतं. डबा परत माळ्यावर गेला.

तुम्हाला कळावं म्हणून सांगतो, त्यात लबाडी करायची असं मनात नव्हतं. चौथी शिकलेल्या माणसाजवळ काय असतं? शिकलेले लोक माझ्यापुढे मजकूर घेऊन यायचे, आणि मी म्हणायचो, इथे एक ओळ सुटली आहे, आणि ते खाली बघायचे. माझ्या हातून चूक होत नाही, एवढी एकच पदवी माझ्याकडे होती. ती एका दुपारी तुम्हाला उतरवून द्यायची मला जमली नाही. उद्या देऊ म्हटलं. मग परवा.

आणि तुम्ही येतच राहिलात. खडकवासल्याकडे जाताना, कुठून येताना, बस चुकली म्हणून. एकदा मुलानं खराडीच्या ऑफिसातून आलेला एक ईमेल मला छापून दिला होता, अमुक बिया खाल्ल्या की साखर उतरते. मी रोज सकाळी खात होतो. तुम्ही विचारलंत, "कोण सांगतं हे?"

"ईमेल आलाय."

"ईमेल कोण? त्याचं आडनाव काय?"

ही पोट धरून हसली. मग तुम्ही तुमचे चार प्रश्न माझ्यावरच चालवलेत, आठवीतल्या पोरावर चालवावेत तसे. कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? कधी सांगितलं? यात त्याचा काय फायदा? मी म्हटलं, "छापलंय की." तुम्ही म्हणालात, "छापलंय तुमच्या मुलानं, प्रिंटरवर." बिया त्या दिवशी बंद झाल्या. तोंड चांगलं आठ दिवस कडू होतं, ते बियांनी की तुम्ही, सांगता येत नाही.

त्याच रागात मी तुम्हाला सांगितलं की आमच्या धंद्यात हे सगळं एका ओळीत होतं. निवडणुकीच्या दिवसांत लोक हँडबिलं घेऊन यायचे आणि म्हणायचे, खाली छापखान्याचं नाव नको. मालक कागद परत करायचे. ज्याला आपलं नाव घालायची लाज वाटते, ते आपण छापायचं नाही. तुम्ही पेन काढलंत. दुसऱ्या दिवशी म्हणे फळ्यावर लिहिलंत, "आधी खालची ओळ बघा." मग दर वर्षी मला वर्गात बोलावणं. धुतलेला सदरा घालून मी यायचो, चार कॉम्प्युटर आणि साठ मुलं, आणि मी ठणकावून सांगायचो, जो आपलं नाव घालत नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकायचात. मी तुमच्याकडे बघायचं टाळायचो.

कारण माझ्यानंतर तुम्ही उठायचात आणि दोन फोटोंची गोष्ट सांगायचात. पुस्तक एक सांगतं, घरची माणसं दुसरं. घरची आठवण हाही पुरावा आहे, ती फेकायची नाही. पण दुसरा आधार मिळेपर्यंत आपण काय लिहायचं? मुलं एका सुरात म्हणायची, "खात्री नाही." माझ्यावर एक शब्द नाही. हे गृहस्थ चुकले असतील असंही नाही. तुम्ही भांडला असतात तर मला सोपं गेलं असतं. भांडणात मी हरत नाही.

समितीकडेही तुम्ही तीनदा गेलात, मला माहीत आहे. भिंतीवरचा फोटो बदला म्हणून. ते म्हणाले, पुरावा आणा. नुसत्या सांगण्यावर तीस वर्षांचा फोटो उतरवत नसतात. तुम्ही परत आलात, आमच्याकडे पाणी प्यायलात, आणि पुरावा तुमच्या डोक्यावर माळ्यावर होता.

प्रज्ञा दहावी झाली तेव्हा निरोपाच्या दिवशी मी आलो होतो. हॉलमध्ये हार घातलेली नथवाली बाई, खाली नाव सोनाबाईंचं. प्रज्ञा माझ्याजवळ आली, वाकून नमस्कार केला. म्हणाली, "आजोबा, तुम्हाला खरंच आठवत नाही का?"

"फार वर्षं झाली गं," मी म्हटलं.

"माझी आजी आता थकली आहे. तिच्या डोळ्यांदेखत झालं असतं तर."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तुम्ही लांबून बघत होता. शाळेसमोरून सुटणारी परतीची बस मी सोडली, चालत दोन स्टॉप पुढे गेलो.

तुमचं दुखणं तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. मला कळलं तेव्हा तुम्ही डोक्याला रुमाल बांधायला लागला होता. मी म्हटलं, "हे काय नवीन?" तुम्ही म्हणालात, "फॅशन करून राहिले काका." त्या दिवशी मी बोली सुधारायला गेलो नाही. तुम्ही लगेच म्हणालात, "टोकलं नाही तुम्ही. म्हणजे मी फारच आजारी दिसते."

शेवटचं भेटलो ते तुमच्या घरी, दिवाळीनंतर. मी जाताना ठरवून गेलो होतो. खिशात ठोकळा नव्हता, पण तोंडात वाक्य होतं. खालून वर येईपर्यंत ते जुळवलेलं होतं. तुम्ही उशीला टेकून वह्या तपासत होता. मिस्टर रागावत होते, तुम्ही ऐकत नव्हता. मी बसलो. तुम्ही तुमची ती निळी वही काढलीत, जिच्यात सगळ्या वर्गांची गोष्ट होती, आणि सहज विचारलंत, जसं पहिल्यांदाच विचारताय, "काका, ते ठोकळे सगळेच वितळवले ना?"

वाक्य तयार होतं, बाई. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "सगळेच."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. राग नव्हता. म्हणालात, "बरं." आणि वहीत काहीतरी लिहिलंत. मग विचारलंत, काकूंचे गुडघे कसे आहेत.

बावीस दिवसांनी तुम्ही गेलात. मी तुमच्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठा. हा क्रम कोणी लावला, त्याची खालची ओळ मला सापडत नाही.

परवा तुमच्या घरी तुमच्यासाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाला. त्रिशरण झालं, वस्तीतले लोक बोलले, मुलं बोलली. प्रज्ञा आली होती, आता कॉलेजात आहे. ती बोलायला उठली आणि फक्त तुमचे चार प्रश्न म्हणून खाली बसली. कोणाला कळलं नाही, मुलांना कळलं. मी शेवटच्या रांगेत होतो. सगळं झाल्यावर तुमच्या मिस्टरांनी निळी वही माझ्या हातात ठेवली. "काका, यात तुमचं नाव बऱ्याचदा आहे. तुमच्याकडे असू दे, असं ती म्हणाली होती."

बसमध्ये उघडली. रेघेची गोष्ट होती. खालच्या ओळीची होती. आणि शेवटी, त्या दिवाळीनंतरच्या तारखेखाली लिहिलेलं: "ठोकळे वितळवले, असे जुळारी सांगतात." पुढे तुमचे चार प्रश्न, त्यातला दुसरा, त्याला कसं कळलं, अधोरेखित. आणि त्याखाली एका ओळीची जागा मोकळी सोडलेली.

"ठोकळे नाहीत" असं तुम्ही लिहिलं नाहीत. "असे जुळारी सांगतात." पाच वर्षं तुम्ही माझ्यावर विश्वास टाकला नाहीत, आणि मला खोटारडाही ठरवलं नाहीत. माझ्यासाठी जागा ठेवलीत. एवढी मोकळी जागा जुळाऱ्याला दिसणार नाही असं तुम्हाला वाटलं नसणारच. मला बसमध्ये रडू आलं. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, धायरी गेलं." पुढच्या स्टॉपला उतरून मागे चालत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी डबा काढला. हिनं काही विचारलं नाही. मी मागितल्यावर दिव्याची काजळी आणि जवसाचं तेल आणून दिलं. छपाईची शाई म्हणजे दुसरं काय असतं. फडक्याच्या बोळ्यानं पदरवाल्या ठोकळ्याला शाई लावली, कागद ठेवला, वाटीच्या बुडानं घासलं. तिसऱ्या कागदावर चेहरा नीट आला. बारीक, हसू नसलेला. खाली मी पेननं लिहिलं: "या सोनाबाई. ठोकळ्यामागे त्यांचं नाव आहे, ठोकळा सोबत आहे. स्मरणिकेत दोन चेहऱ्यांची अदलाबदल झाली. जुळणी माझी, चूक माझी. ठोकळे वितळवले असं मी सांगत आलो, ते खोटं होतं." आणि सगळ्यात खाली माझं पूर्ण नाव आणि धायरीचा पत्ता. आयुष्यात मी हजारो नावं जुळवली. खालच्या ओळीत माझं नाव पहिल्यांदा आलं.

शाळेत गेलो. तुमच्या जागी नवीन बाई आहेत, लहान आहेत, घाबरल्या. मी कागद पहिल्या बाकावर दिला आणि ठोकळा त्याच्या शेजारी ठेवला. मुलं गोळा झाली. चेहरा कोणी आधी बघितला नाही, बाई. सगळ्यांनी आधी खाली बघितलं. मग ठोकळा उलटा केला.

एक मुलगी म्हणाली, "आजोबा, हे तुम्हाला कधी कळलं?"

"दोन हजार सातला. श्रावणात."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

मी टोपी काढून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.